वाट कोणाची?
महाड–पोलादपूरच्या पायवाटा, पंचायती आणि हक्क

महाडचे नाव निघाले की चवदार तळे आठवते आणि तळे म्हटले की पाणी. ते योग्यच आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या तळ्याचे पाणी प्यायले आणि या देशाच्या सामाजिक इतिहासाने कूस बदलली. पण त्या दिवशी पाण्याच्या आधी आणखी एक गोष्ट घडली होती. परिषदेच्या मंडपातून निघालेली माणसे रांगेने, शिस्तीने, महाडच्या भर वस्तीतून चालत तळ्यापर्यंत गेली होती. पाण्यावरचा हक्क बजावायचा तर आधी पाण्याकडे जाणाऱ्या वाटेवरचा हक्क बजावावा लागतो. महाडच्या लढ्याची ही बाजू आपल्याकडे फारशी बोलली गेलेली नाही.

या लेखात आम्हाला त्या वाटेविषयी लिहायचे आहे. केवळ तळ्याच्या वाटेविषयी नव्हे. महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत वाडीपासून गावापर्यंत, गावापासून शेतापर्यंत, मोहल्ल्यापासून कब्रस्तानापर्यंत आणि खाडीपासून घाटमाथ्यापर्यंत पसरलेल्या पायवाटांविषयी. या वाटा कोणाच्या? त्या कोणी राखल्या? आज राखण्याची जबाबदारी कोणाची? हे प्रश्न वरवर किरकोळ वाटतील. परंतु गावातली निम्मी भांडणे बांधावरून आणि वाटेवरून होतात, हे कोकणात राहिलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, एखादी वाट सर्वांची आहे याचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे तिच्यावर सर्वांच्या पैशातून झालेली देखभाल. जी वाट कोणी राखत नाही ती आधी बुजते, मग कोणाच्या तरी कुंपणात जाते आणि शेवटी ती होती हेच लोक विसरतात.

खाडी, घाट आणि पाखाडी

महाड हे एके काळी बंदर होते. बाणकोटला समुद्राला मिळणारी सावित्री भरतीचे पाणी दासगावपर्यंत आणि त्याही वर आणते. त्या पाण्यावरून गलबते आणि मचवे येत. वर मीठ, सुकी मासळी, खजूर, कापड जाई. खाली धान्य, गूळ, कांदे येत. पूर्वेला सह्याद्रीची भिंत. त्या भिंतीतून वरंध, पार, मढे, शेवत्या, गोप्या, ढवळे अशा कितीतरी वाटा देशावर चढतात. यांतल्या दोन-तीन सोडल्या तर बाकीच्या आजही पायवाटाच आहेत. लमाणांचे बैलांचे तांडे, पायी जाणारे शेटे-व्यापारी, खाडीकाठचे मुसलमान खलाशी आणि दलाल, डोक्यावर ओझी वाहणारे महार, कुणबी, कातकरी या सगळ्यांच्या पायांनी या वाटा मळल्या. रायगड ही शिवाजी महाराजांची राजधानी याच मुलखात होती आणि तिचा बराचसा व्यवहार महाडच्या पेठेवर अवलंबून होता.

इंग्रजी अमलात मुंबईचे गव्हर्नर सेमूर फिट्झजेराल्ड यांच्या नावाचा रस्ता पोलादपूरहून आंबेनळीच्या घाटाने महाबळेश्वरला चढला. साहेबलोकांना उन्हाळ्यात थंड हवेला जायचे होते, त्याला हा मार्ग सोयीचा झाला. गाडीरस्ता झाला की सगळा पैसा, सगळे लक्ष त्या रस्त्याकडे जाते आणि आजूबाजूच्या पायवाटा पोरक्या होतात. आजपर्यंत चालत आलेली ही कहाणी तिथून सुरू झाली.

गावाच्या आतल्या वाटांची आपली एक भाषा आहे. चिऱ्यांच्या किंवा धोंड्यांच्या पायऱ्यांची वाट ती पाखाडी. दोन शेतांच्या बांधांमधून जाणारी ती पाणंद. पऱ्ह्यावर लाकडे टाकून केलेला तो साकव. दगडावर दगड रचून केलेली कुंपणाची भिंत तो गडगा. एवढे शब्द ज्या भाषेत रुजले, तिथे वाट राखण्याचे कामही कधीकाळी रुजलेले असणारच. प्रश्न हा की ते काम कोण करीत होते आणि कोणत्या अटीवर.

वाट राखणारे हात

जुन्या गावगाड्यात वाटेचा खरा जाणकार महार होता. गावची शीव राखणे, शिवेच्या भांडणात साक्ष देणे, वाटसरूला पुढच्या गावापर्यंत पोचवणे, सरकारी टपाल आणि ओझी वाहून नेणे, गावातले रस्ते झाडणे ही कामे महार वतनाचा भाग होती. गावची हद्द कुठे संपते आणि वाट कुठून फुटते हे पाटलाला ठाऊक नसले तरी महाराला ठाऊक असे. शिवेच्या तंट्यात त्याच्या साक्षीला मोल होते. आणि याच माणसाला गावाच्या देवळाकडे, पाणवठ्याकडे जाणारी वाट बंद होती. वाट झाडायची त्याने आणि तिच्यावरून ताठ मानेने चालायचे दुसऱ्यांनी, असा तो न्याय होता. १९२८ मध्ये आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते या वेठबिगारीच्या मुळावर घाव घालण्यासाठीच. कनिष्ठ गावकी वतने प्रत्यक्ष रद्द करणारा कायदा यायला मात्र १९५८ साल उजाडावे लागले.

कोकणात याच्या जोडीला खोत होता. खोत हिंदू होते तसे मुसलमानही होते, हे आपण विसरता कामा नये. गावची वरकस जमीन, पाणी, वाटा यांवर खोताचा शब्द चाले. पावसाळ्यानंतर वाट दुरुस्त करायची तर कुळांकडून फुकट काम करून घेतले जाई. खोती रद्द करणारा कायदा १९४९ मध्ये झाला. वेठ गेली हे उत्तमच झाले. पण वेठीच्या जागी वाटांची काळजी घेणारी दुसरी व्यवस्था प्रत्येक गावात उभी राहिली का, हा प्रश्न शिल्लक राहिला.

मोहल्ल्यांत जमातीची व्यवस्था होती. मशिदीची पाखाडी, विहिरीचा काठ, कब्रस्तानाची वाट यांची डागडुजी जमातीच्या वर्गणीतून आणि अंगमेहनतीतून होई. वाटेत पडलेला काटा-दगड उचलून बाजूला करणे हीसुद्धा सदका आहे, ही पैगंबरांची शिकवण आपल्या घराघरांत मुलांना सांगितली जाते. रस्त्याच्या रुंदीवरून वाद झाला तर ती सात हात धरावी, अशीही एक हदीस आहे. वाट ही दोघांच्या भांडणातली वस्तू नसून तिसऱ्याचा, येणाऱ्या-जाणाऱ्याचा हक्क आहे, असे त्यामागचे तत्त्व आम्हाला दिसते.

आता पैशाकडे वळू. १८६० च्या दशकात मुंबई इलाख्यात जमीन महसुलावर रुपयामागे एक आणा लोकल फंड बसवण्यात आला. त्याचा दोनतृतीयांश भाग रस्त्यांसाठी आणि एकतृतीयांश शाळांसाठी असे. पुढे लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर १८८४ चा लोकल बोर्डांचा कायदा आला आणि तालुका व जिल्हा लोकल बोर्डे हा पैसा खर्च करू लागली. महाड, पोलादपूर तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात होते. या एक आण्याचे महत्त्व फार मोठे आहे. जमीन कसणाऱ्या प्रत्येकाच्या घामातून तो येई. त्यात कुणबी होता, मुसलमान होता, वतनाच्या जमिनीचा जुडी भरणारा महार होता. ज्याच्या आण्यातून रस्ता झाला त्याला त्या रस्त्यावरून जाऊ नको म्हणण्याचा अधिकार कोणाला उरतो? हा प्रश्न इंग्रज सरकारने स्वतःहून विचारला नाही. तो महाडमध्ये विचारला गेला.

ठराव, तळे आणि दासगावची वाट

४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात एक ठराव संमत करून घेतला. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या किंवा राखलेल्या विहिरी, तळी, धर्मशाळा तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय. ‘राखलेल्या’ हा शब्द नीट वाचावा. हक्काची कसोटी म्हणून बोले यांनी धर्म, रूढी किंवा दया यांतले काहीच घेतले नाही. सार्वजनिक देखभाल घेतली. या ठरावाला अनुसरून महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केले. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखे पुरोगामी कार्यकर्ते तेव्हा महाडच्या सार्वजनिक जीवनात होते आणि पुढे सत्याग्रहातही ते आंबेडकरांच्या सोबत राहिले.

ठराव झाला, पण तीन वर्षे कोणी दलित त्या तळ्याकडे फिरकू शकला नाही. तळ्याच्या चारही बाजूंनी नगरपालिकेचे रस्ते होते, त्यांच्या पलीकडे सवर्णांची घरे. रस्ता पालिकेचा, तळे पालिकेचे, ठराव पालिकेचा. तरी त्या रस्त्यावरून चालायची हिंमत व्हावी अशी परिस्थिती नव्हती. याच तळ्यावर मुसलमान येत, ख्रिस्ती येत, परगावचा वाटसरू येई. त्यांना कोणी अडवत नसे. म्हणजे अडचण तळ्याच्या मालकीची किंवा पाण्याच्या कमतरतेची नव्हतीच.

१९ आणि २० मार्च १९२७ ला परिषद भरली आणि दुसऱ्या दिवशी माणसे चालत गेली. पाणी पिऊन ती परतली, तेव्हा ती वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी अफवा पिकवण्यात आली. लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने मंडपात आणि मग रस्त्यारस्त्यांवर माणसांना गाठून मारले. दोघे-तिघे मिळून गावाकडे परतणारे लोक वाटेत अडवले गेले. ज्यांना पेठेत मार्ग उरला नाही त्यांतल्या अनेकांना महाडच्या मुसलमानांनी आपल्या घरांत घेतले. स्वतः आंबेडकरांनी आणि त्यांच्या चरित्रकारांनी याची नोंद केलेली आहे. ज्या दिवशी सार्वजनिक रस्ता असुरक्षित झाला त्या दिवशी आपल्या पूर्वजांचे उंबरठे वाट झाले, याचा अभिमान जरूर बाळगावा. दुसऱ्या दिवशी १०८ घागरी पाण्याने तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले आणि ४ ऑगस्ट १९२७ ला नगरपालिकेने आपलाच १९२४ चा ठराव मागे घेतला. बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली होती.

डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह करायचे ठरले, तेव्हा वाटेचा प्रश्न अधिकच उघडा पडला. मुंबईहून धरमतरमार्गे मोटारीने येणे जवळचे होते. परंतु मोटारवाले ऐन वेळी बसवून घेणार नाहीत अशी धास्ती होती. म्हणून ‘पद्मावती’ या बोटीने दासगावच्या बंदरात उतरायचे ठरले. कारण तिथून महाड सुमारे पाच मैल आणि ते अंतर पायी कापता येते. लोक दासगावला उतरले आणि घोषणा देत महाडला चालत गेले. गाडीरस्ता दुसऱ्याच्या मर्जीवर असतो, पायवाट आपल्या पायांवर असते, हे त्या लोकांनी ओळखले होते. महाडमध्ये मंडपासाठी जागा द्यायला कोणी तयार होईना. तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. स्थानिक दुकानदार माल देईनात, म्हणून शिधासामग्री बाहेरून आणावी लागली. फत्तेखानांच्या त्या जमिनीवर २५ डिसेंबर १९२७ च्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले.

इतक्यात प्रकरण कोर्टात गेले होते. १२ डिसेंबरला काही सवर्ण रहिवाशांनी दिवाणी दावा लावला आणि १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. आंबेडकरांनी कायद्याचा मान राखून प्रत्यक्ष पाणी घेणे पुढे ढकलले. पण प्रतिनिधींनी शहरातून मिरवणूक काढून तळ्याभोवतालच्या रस्त्याने फेरी मारली. पाण्याला मनाई होती, रस्त्याला नव्हती. तो हक्क त्यांनी त्या दिवशी चालून बजावला.

दावा जवळजवळ दहा वर्षे चालला. तळे खाजगी स्वरूपाचे आहे आणि अस्पृश्यांनी तिथे येऊ नये अशी पूर्वापार चाल आहे, असे फिर्यादींचे म्हणणे. ८ जून १९३१ ला महाडच्या कोर्टाने, ३० जानेवारी १९३३ ला ठाण्याच्या जिल्हा कोर्टाने आणि अखेर १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाने निकाल आंबेडकरांच्या बाजूने दिला. हायकोर्टाच्या पीठात न्या. ब्रूमफिल्ड होते. १९२२ साली अहमदाबादला गांधीजींना शिक्षा सुनावणारे तेच. अनादी काळापासूनची चाल फिर्यादींना सिद्ध करता आली नाही, असे कोर्टाने ठरवले. गावातला प्रत्येक वाटेचा तंटा शेवटी याच मुद्द्यावर येऊन थांबतो. ‘आमच्या बापजाद्यांपासून असेच चालत आले आहे’ हे म्हणणे सोपे असते. ते पुराव्याने दाखवणे अवघड असते. आणि पुरावा कुठे असतो? पालिकेच्या दप्तरात, तिच्या ठरावांत, तिने केलेल्या खर्चात.

नकाशावरची तुटक रेषा

संविधान लिहिताना ही कसोटी विसरली गेली नाही. कलम १५ च्या दुसऱ्या भागात विहिरी, तळी, स्नानघाट यांच्या जोडीला रस्ते आले. पूर्णतः वा अंशतः सरकारी पैशातून राखलेल्या किंवा लोकांच्या वापरासाठी अर्पण केलेल्या अशा जागांवर धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणाला मज्जाव करता येणार नाही. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणाने रस्ता किंवा वाट अडवणे हा गुन्हा ठरवला. १९२४ मध्ये महाडच्या पालिकेने भीतभीत केलेला ठराव असा देशाचा कायदा झाला.

वाट राखण्याचे काम मात्र कलमाने होत नाही. ते ग्रामपंचायतीने करायचे असते. १९५८ च्या मुंबई ग्रामपंचायत कायद्याच्या कामांच्या यादीत गावरस्ते, गटारे, बांध, पूल बांधणे आणि राखणे स्पष्टपणे आहे. कलम ५३ प्रमाणे सार्वजनिक रस्त्यावरचा अडथळा आणि अतिक्रमण हटवण्याचा अधिकार पंचायतीला आहे. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि मोठे रस्ते त्यांच्याकडे गेले. ७३ व्या घटनादुरुस्तीने, म्हणजे १९९३ पासून, रस्ते, मोऱ्या, पूल, तरी हे विषय पंचायतराज संस्थांच्या यादीत आले. कायद्याची कमतरता आहे असे कोणाला म्हणता येणार नाही.

मग वाट कागदावर दिसते कुठे? मूळ मोजणीच्या गावनकाशात. त्या नकाशात गाडीवाट दोन तुटक रेषांनी दाखवतात आणि तिची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरतात. पायवाट एका तुटक रेषेने दाखवतात. तिची रुंदी सव्वाआठ फूट. जुनी मोजणीची साखळी तेहतीस फुटांची होती, तिचा हा चौथा भाग.  महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे (१९६६) कोणाच्या मालकीचे नसलेले सार्वजनिक रस्ते, गल्ल्या, वाटा ही शासनाची मालमत्ता आहे. ज्याच्या शेताला वाटच नाही त्याला संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे बांधावरून वाट मागता येते. असलेली वाट कोणी अडवली तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याच्या कलम ५ खाली दाद मागता येते; पण ती अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. सहा महिने गप्प बसले की हा सोपा दरवाजा बंद होतो आणि दिवाणी कोर्टाची लांब पाखाडी चढावी लागते.

अडचण अशी की डोंगरातल्या कितीतरी वाटा नकाशात कधी आल्याच नाहीत. मोजणीदाराने गावाची वाट दाखवली. धनगरवाड्याची, कातकरी वाडीची, झऱ्याकडे उतरणारी वाट पुष्कळदा राहून गेली. ज्यांचा आवाज लहान त्यांची वाट नकाशाबाहेर, असा हा हिशोब आहे.

वाट मोडते कशी

वाट एका दिवसात मोडत नाही. आधी साकवाचे एक लाकूड कुजते. पाऊस सरल्यावर ते बदलायचे राहून जाते. मग लोक लांबच्या रस्त्याने जाऊ लागतात. पाखाडीवर गवत माजते. शेजारचा शेतकरी बांध हातभर सरकवतो. पुढच्या वर्षी तिथे आंब्याची कलमे लागतात आणि पाचव्या वर्षी फाटक बसते. विचारायला गेले तर उत्तर मिळते, ‘इथून जातो कोण?’ आणि खरोखरच तोपर्यंत जाणारे कोणी उरलेले नसते.

महाड-पोलादपूरात माणसे कमी झाली हे त्याचे मोठे कारण. मुंबईच्या गिरण्या आणि गोदी, मग आखाती देश, यांनी गावे रिकामी केली. खाडीकाठच्या मोहल्ल्यांत परदेशच्या पैशातून सुंदर घरे उभी राहिली. वर्षातले दहा महिने त्यांना कुलूप असते. घराबरोबर जांभ्या दगडाचे उंच कंपाऊंडही येते. ते घालताना जुन्या गडग्यातून जाणारी पाऊलवाट आत जाते. असे करणारे आपल्यातले आहेत, परके नाहीत. ज्या समाजाने १९२७ साली दुसऱ्यांसाठी दारे उघडली, त्याच समाजाच्या भिंती आज शेजारच्या कुणब्याची किंवा बौद्धवाडीतल्या पोरांची शाळेची वाट अडवत असतील, तर फत्तेखानांचे नाव घेण्यापूर्वी आपण आपली भिंत बघायला हवी.

आणि हेच उलट बाजूनेही घडते. कोकणातली अनेक कब्रस्ताने वस्तीपासून दूर, टेकडीच्या उतारावर किंवा शेतांपलीकडे आहेत. जनाजा नेण्याची वाट पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या बांधावरून गेलेली असते. कोणी हरकत घेत नसे, म्हणून कोणी नोंद केली नाही. जमीन विकली गेली, नवा मालक बाहेरचा आला, की त्याच्या दृष्टीने ती वाट अस्तित्वातच नसते. श्रावणात, गुडघाभर चिखलात, खांद्यावर जनाजा आणि समोर तारेचे कुंपण अशी वेळ आली की वाटेच्या तंट्याला धर्माचा रंग चढायला क्षणही लागत नाही. स्मशानाच्या वाटेवरूनही असेच वाद होतात. त्या वादांचे मूळ बहुतेक वेळा द्वेषात नसते. पंचायतीने न केलेल्या एका नोंदीत असते. वेळेवर केलेली नोंद सलोख्याचे काम कोणत्याही भाषणापेक्षा अधिक करते.

आणि वाट ही जिवाची गोष्ट आहे, हे या मुलखाने तीनदा पाहिले. २५ आणि २६ जुलै २००५ च्या पावसात महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा १९२८ साली बांधलेला पूल वाहून गेला आणि एसटीच्या दोन गाड्या नदीत गेल्या. नवा पूल जून २०१७ मध्ये सुरूही झाला. मनात आणले तर काम किती लवकर होते हे त्याने दाखवले. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळियेवर डोंगर आला, ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच पावसात पोलादपूरच्या साखर सुतारवाडी आणि केवनाळे येथेही माणसे गाडली गेली. पुराचे पाणी आणि ठिकठिकाणी आलेल्या दरडी यांमुळे मदत पोचायला उशीर झाला. मोठा रस्ता बंद पडला की डोंगरातल्या वाडीला उरते ती जुनी पायवाट. तीच मोडलेली असेल तर वाडीचे बेट होते.

इंग्रजांनी आपल्याकडे मोजणी आणली, पण पायवाटांच्या हक्काची त्यांच्या देशातली परंपरा आणली नाही. तिकडे एकदा सार्वजनिक ठरलेली वाट कायमची सार्वजनिक, असे कायद्याचे तत्त्व आहे. १९३२ साली किंडर स्काउट या डोंगरावर कामगार तरुणांनी जमीनदारांची मनाई मोडून पदयात्रा काढली. त्यांतल्या काहींना तुरुंगवास झाला. १९४९ च्या कायद्याने प्रत्येक कौंटी कौन्सिलला पायवाटांचा अधिकृत नकाशा करणे भाग पडले. आधी चालणारे पाय आले, मागून नकाशा आला. महाडच्या सत्याग्रहींनी याच्या पाच वर्षे आधी हाच धडा घालून दिला होता, आणि तोही किती मोठ्या जोखमीवर.

आता काय करायचे

सरकारी योजना येतात. २५ डिसेंबर २००० ला सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने डोंगराळ भागातल्या अडीचशे वस्तीच्या गावांपर्यंत बारमाही रस्त्याचा वायदा केला. २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेतून शेत-पाणंद रस्त्यांचे काम हाती घेतले गेले. ही सगळी स्वागतार्ह पावले आहेत. पण चाळीस माणसांच्या वाडीची पाखाडी त्यांत बसेलच असे नाही. ती पंचायतीलाच पाहावी लागेल.

त्यासाठी लागणारी साधने हाताशी आहेत. ग्रामपंचायतीच्या दप्तरात नमुना २३ नावाची नोंदवही असते. पंचायतीच्या ताब्यातल्या रस्त्यांची ती नोंदवही. आपल्या गावच्या नमुना २३ मध्ये किती वाटा लिहिलेल्या आहेत, हे आपल्यापैकी किती जणांनी कधी पाहिले? भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल मिळते. त्या नकाशातल्या तुटक रेषा आणि नमुना २३ मधली नावे शेजारी ठेवून वाचावीत. जे नकाशात आहे आणि नोंदवहीत नाही ते लिहून घ्यावे. जे कोठेच नाही पण पायाखाली आहे, ते म्हातारी माणसे हयात आहेत तोवर त्यांच्या साक्षीने ग्रामसभेत मांडावे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा होतात. त्यांतल्या एका सभेत बौद्धवाडी, मोहल्ला, कुणबीवाडी, कातकरी वाडी यांनी मिळून सगळ्या वाटांची एकच यादी द्यावी. कब्रस्तानाची, स्मशानाची, झऱ्याची आणि शाळेची वाट एकाच ठरावात यावी. वेगवेगळे अर्ज केले की प्रत्येक वाट एकेका जातीची होते. एकत्र केले की ती गावाची होते. ज्याची जमीन वाटेत जाते त्याचेही ऐकून घ्यावे, मोजणी त्याच्या समक्ष व्हावी. त्याला चोर ठरवून वाट मोकळी होत नाही.

ठराव झाल्यावर दरवर्षी पंचायतीच्या अंदाजपत्रकात त्या वाटांवर थोडा का होईना खर्च पडला पाहिजे. दोन ट्रॅक्टर दगड, साकवाला दोन लोखंडी तुळया, पावसानंतर गवतकापणी. रक्कम किरकोळ असेल. पण त्या खर्चाच्या पावतीने वाट सार्वजनिक असल्याचा पुरावा दरवर्षी नव्याने तयार होतो. बोले यांच्या ठरावातला ‘राखलेल्या’ हा शब्द तेच सांगतो.

महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये ठराव केला आणि १९२७ मध्ये तो मागे घेतला. कागदावर दिलेला हक्क कागदावर काढून घेता येतो, हे त्यातून दिसले. दासगावच्या बंदरात उतरून पाच मैल चालत गेलेल्यांचा हक्क मात्र कोणाला मागे घेता आला नाही. नोंद हवी, खर्च हवा आणि चालणारे पाय हवेत. या तिन्हींतले एक जरी सुटले तरी वाट हातची जाते.